पाचाडच्या अंगणात आपले स्वागत

अध्यक्ष महोदय, सूर्याचे अभ्यासक पाहुणे आणि पंचक्रोशीतील बंधुभगिनींनो,

रायगडाच्या पायथ्याशी आपले मनापासून स्वागत! गडावरचा वारा जिजाऊ आऊसाहेबांना मानवेना, म्हणून शिवाजी महाराजांनी त्यांच्यासाठी पाचाडात वाडा बांधला. आज तट आणि जोती उरली आहेत. तिथल्या तक्क्याच्या विहिरीपाशी जरूर जा. काठावरच्या दगडी तक्क्याला टेकून महाराज पाण्याला आलेल्या बायाबापड्यांची विचारपूस करत, असे आमच्या आज्या सांगत आल्या. त्या दगडावर हात ठेवला की माझा ऊर अजूनही भरून येतो. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला आऊसाहेब गेल्या. त्यांची समाधी इथेच आहे. घरी पाहुणा आला की आम्ही त्याला आधी तिथे नेतो, चहापाणी मागाहून.

आता आपल्या अभ्यासाच्या विषयाकडे, सूर्याकडे वळतो. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, पण बाहेरचा किरीट दहा लाखांच्याही वर तापलेला. पिळवटलेल्या चुंबकीय रेषा तुटून नव्याने जुळल्या की साठलेली ऊर्जा उसळते. ‘आदित्य-एल१’ पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून सूर्य न्याहाळतो. त्यावरची ‘सूट’ दुर्बीण पुण्याच्या आयुकाने घडवली. मला अभिमान वाटतो तो मात्र आमच्या जिल्ह्यातल्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा. १८५९ च्या सौर वादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने टिपली होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, वेध बिघडणार, म्हणून १९०४ पासून हे काम अलिबागला आले. सूर्यावरून सुटलेला लोट एक ते तीन दिवसांत इथवर पोचतो आणि तिथल्या नोंदींत उमटतो. हा विषय रायगडकरांना परका नाही, तो असा.

आता क्षमा मागतो. गाव लहान, म्हणून आपली सोय घरोघरी आणि शाळेच्या वर्गांत केली आहे. काल रात्री वीज गेली, वयस्कर पाहुण्यांना अंधारात जिना चढावा लागला. ते मनाला फार लागले. आज जनरेटर आणला आहे. आंघोळीच्या गरम पाण्याला उशीर झाला असेल, तर तो दोष माझा.

तांदूळ घरपोच देणारे शेतकरी, पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, मंडपाचा भार उचललेले महाडचे व्यापारी, पाहुण्यांना आणायला स्वतःच्या गाड्या दिलेली पोलादपूरची मंडळी, आणि नाव न सांगण्याच्या अटीवर सर्वांत मोठी रक्कम देणारे गृहस्थ, या सर्वांचा मी ऋणी आहे.

उद्या गडावर येणाऱ्यांनी पहाटे सहाला वाड्यापाशी जमावे. उतराल तेव्हा जेवण तयार असेल.