हिंदूंना भय कोणाचे?



हा विषय आमच्याकडे आला तेव्हा आम्ही चिटणीसांना म्हटले, एखाद्या शास्त्रीबुवांना बोलवा. आमचे शिक्षण सातवीवर थांबले. १९८२ च्या गिरणी संपात घरची चूल थंडावली. पुढे जे शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि गेटसभांत. चिटणीस म्हणाले, "तुम्ही हिशेब मागणारी माणसे. याचाही हिशेब मांडा." तेव्हा मांडतो, आणि घरचे म्हणून मांडतो, कारण आम्हीही हिंदूच आहोत.

आधी जमाखर्चातला खर्च पाहू. १९५१ च्या जनगणनेत भारतात शेकडा ८४.१ हिंदू होते, २०११ साली ७९.८ राहिले. घट खरी आहे. फाळणीत लाखो हिंदू निराधार झाले, १९९० साली काश्मिरी पंडितांना खोरे सोडावे लागले. ही दुःखे खोटी म्हणणाऱ्यांशी आमचेही भांडण आहे.

पण वहीचे एकच पान वाचून हिशेब होत नाही. १९९२-९३ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत दर मुसलमान बाईमागे सरासरी ४.४ मुले होती, हिंदू बाईमागे ३.३. २०१९-२१ च्या पाहणीत हेच आकडे २.३६ आणि १.९४ झाले. एकाहून जास्त असलेले अंतर अर्ध्याच्याही आत आले. बाई शिकली, दवाखाना जवळ आला, की कोणत्याही धर्मात पाळणा कमी हलतो. मग 'आपण संपणार' ही ओरड कशाच्या जोरावर?

आता आमच्या गिरणगावातली गोष्ट सांगतो. जुन्या काळी साचेखात्यात पगार चांगला, पण अस्पृश्य कामगाराला तेथे मज्जाव. कारण काय? धोट्यातील कांडी बदलली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्याच्या ओठाला लागलेला धोटा आपण तोंडाला कसा लावायचा, हा सवर्णांचा प्रश्न! त्याच खात्यात मुसलमान विणकर मात्र होते. १९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. मालकाच्या नावाने शंख करणारे आम्ही कामगारच ही बंदी पाळण्यात पुढे होतो, हे कबूल केले पाहिजे.

१९२७ साली महाडला पाण्यासाठी सत्याग्रह झाला. १९३० साली नाशिकला काळारामाच्या दारी सुरू झालेला सत्याग्रह पाच वर्षे चालला. दार उघडले नाही. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो माणसे बौद्ध झाली. त्यांना कोणा परक्याने ओढून नेले होते काय? दाराची कडी आतून आम्हीच लावली होती.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. परवाचे सांगतो. आमचा एक सभासद, ठेकेदाराकडचा सफाईवाला, गटारात उतरला तो वर आला नाही. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी न चुकवणारा. माणसाला असे उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे; मृताच्या वारसास ३० लाख द्यावेत, असे सुप्रीम कोर्टाने २०२३ साली सांगितले आहे. पण तो कामावर होता, याला साक्षीदार हवे होते. आदल्याच आठवड्यात त्या वस्तीत धर्मरक्षणाची सभा तुडुंब भरली होती. साक्षीला आले दोघे: त्याचा सासरा आणि कोपऱ्यावरचा मुसलमान चहावाला.

मंडळी, तो माणूस हिंदू नव्हता काय? शिरगणतीत तो आमचा. मग साक्षीच्या वेळी कोणाचा?

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरास उपोषणाला बसले, ते विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून. तेव्हाही धर्म बुडाला अशी हाकाटी झाली. दार उघडले, आणि वारी आजही चालते आहे.

म्हणून एक काम सांगतो आणि रजा घेतो. उद्या सकाळी आपल्या चाळीचे, सोसायटीचे गटार कोण साफ करतो, त्याचे नाव विचारा. त्याला खाली उतरवू देऊ नका, यंत्र मागवा. आणि त्याच्यावर प्रसंग आलाच, तर साक्षीला या.