सहाव्या मजल्यावरचा हेर



रहस्यकथा वाचणं म्हणजे वेळ घालवणं, असा समज आपल्याकडे फार जुना आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड घराघरांत पोचले, पण ते वाचले गेले उशीखाली लपवून. त्या पुस्तकांची रचना कशी आहे, हे सहसा कोणी बारकाईने पाहिलं नाही. आज मला रहस्यकथेच्या एका छोट्या शाखेबद्दल बोलायचं आहे. तिची कारागिरी कुठे बघायची आणि ती वाचताना कान कुठे द्यायचा, हे सांगायचं आहे. या शाखेतला हेर दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्ये राहतो आणि तोंडाने अतिशय फटकळ आहे.

लिंडसे डेव्हिस या इंग्रज लेखिकेने हा हेर घडवला. त्याचं नाव मार्कस डिडियस फाल्को. ‘द सिल्व्हर पिग्ज’ ही त्याची पहिली कादंबरी 1989 साली आली आणि 2010 पर्यंत त्याच्या एकूण 20 कादंबऱ्या झाल्या. कथांचा काळ इसवी सन 70 ते 77. नीरोच्या मृत्यूनंतर रोममध्ये यादवी माजली, सन 69 या एकाच वर्षात चार सम्राट झाले आणि शेवटी व्हेस्पेझियन टिकला. गादी नवी आणि कोणाचा कोणावर विश्वास नाही. हेरकथेला याहून चांगली जमीन कुठली?

आता फाल्को राहतो कुठे, तिकडे लक्ष द्या. अ‍ॅव्हेंटाइन टेकडीवरच्या एका मोडकळीला आलेल्या चाळीत, सहाव्या मजल्यावर. आज उंच इमारतीत वरचा मजला महाग पडतो. रोममध्ये उलट होतं. पैसेवाले खाली राहत आणि गरीब वर. वर पाणी चढत नसे, आग लागली तर खाली येता येत नसे, आणि तिथल्या इमारती कोसळतही असत. त्यामुळे फाल्कोकडे जो येतो, तो इतके जिने चढून धापा टाकतच येतो. मग तो गुंड असो, घरभाडं मागायला आलेला माणूस असो की सिनेटरची मुलगी. जिना चढून आलेल्या माणसाचा रुबाब दारातच उतरलेला असतो आणि फाल्कोचा पहिला टोमणा नेमका तेव्हा सुटतो. लेखिकेने घराचा मजला निवडला, तेव्हाच विनोदाची जागाही ठरली. रोममधल्या भाड्याच्या घरांची ही सगळी माहिती पाठ्यपुस्तकात रुक्ष वाटली असती. इथे ती एका माणसाच्या दमछाकीतून कळते. ऐतिहासिक कादंबरीचं हेच मोठं कसब आहे, असं मला वाटतं.

याच इमारतीच्या तळाला धोब्याचा कारखाना आहे. रोमन धोबी कपडे स्वच्छ करायला साठवलेलं मूत्र वापरत. त्या मूत्रावर व्हेस्पेझियनने कर बसवला. मुलाने, म्हणजे टायटसने, नाक मुरडलं तेव्हा बापाने त्या करातलं नाणं त्याच्या नाकाशी धरून विचारलं, वास येतो का? ही हकिगत सुएटोनियस या रोमन चरित्रकाराने नोंदवली आहे. तेव्हा फाल्कोचं फटकळ बोलणं लेखिकेने आजच्या काळातून नेऊन रोमवर चिकटवलं, असं समजू नका. सम्राट स्वतःच तसा बोलत होता. इटलीतल्या पाँपेईच्या भिंतींवर सामान्य माणसांनी खरडलेल्या हजारो ओळी सापडल्या आहेत. त्यांत निवडणुकीचा प्रचार आहे, शिव्या आहेत, प्रेम आहे आणि थट्टाही आहे. रोमचा रस्ता बोलका होता आणि फाल्को त्या रस्त्याचा मुलगा आहे.

त्याच्या निवेदनाचा घाट मात्र अमेरिकन आहे. रेमंड चँडलरचा फिलिप मार्लो लॉस एंजेलिसमध्ये हिंडतो, स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो, मार खातो आणि तिरकस बोलतो. डेव्हिस यांनी हा घाट उचलून रोममध्ये नेला.

अशी कथा वाचायची कशी? ‘मी’ ने सांगितलेला विनोद आपल्याला नवा नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव आठवा. तोही आपली गोष्ट आपणच सांगतो. चिमणरावाला काय कळलं नाही, यावर आपण हसतो. फाल्कोचं अगदी उलट आहे. त्याला फार कळलेलं असतं आणि ते झाकायला तो बोलतो. तो ब्रिटनमध्ये सैनिक होता, दुसऱ्या ऑगस्टा पलटणीत. राणी बूडिकाच्या रोमविरुद्धच्या बंडाच्या वेळी ही पलटण मदतीला गेलीच नाही, हा कलंक इतिहासात नोंदलेला आहे. त्याचा थोरला भाऊ ज्यूडियाच्या लढाईत मारला गेला. या दोन गोष्टींच्या जवळ कथा आली की फाल्कोची चेष्टा वाढते. वाचताना ही खूण धरून ठेवा. तो जिथे नेहमीपेक्षा जास्त गंमत करतो, तिथे त्याला काहीतरी दुखतंय.

दुसरी खूण विनोदात लपलेल्या पुराव्याची आहे. पहिल्या कादंबरीची सुरुवात अशी होते: उन्हाळ्यात रोमच्या फोरममध्ये देवळाच्या पायऱ्या चढून एक मुलगी धावत येते. तिच्या अंगावर त्या उन्हात नको इतके कपडे आहेत. फाल्को त्यावर शेरा मारतो, आपण हसतो आणि पुढे जातो. पण आपण आत्ताच एक विसंगती पाहिली आहे: भर उन्हात इतके कपडे कशासाठी? पुरावा लपवायला विनोदासारखी जागा नाही, कारण हसलेला वाचक त्या वाक्याकडे पुन्हा वळून बघत नाही. तिसरी खूण पहिलीच्या विरुद्ध आहे. पुढे कथेत एक कोवळा जीव जातो आणि त्या पानांवर फाल्कोची जीभ थांबते. वाक्यं आखूड होतात. इतका वेळ बोलणारा माणूस गप्प झाला म्हणून तो मृत्यू आपल्याला लागतो. ज्याच्या कथेत पहिल्यापासून गांभीर्य आहे, अशा लेखकाला हा परिणाम साधता येणं अवघड आहे.

आता मी तुम्हाला रोममधून आपल्या मुलखात, सोलापूरहून थोडं पुढे नेतो. धाराशिवच्या पलीकडे तेरणेच्या काठी तेर आहे, संत गोरोबाकाकांचं तेर. फाल्कोच्या काळात त्याचं नाव होतं तगर, आणि ते रोमला माहीत होतं. त्याच शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तिकेत नोंद आहे की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरहून गाड्यांत भरून कापड भडोचच्या बंदराला जाई. त्यात साधं जाडंभरडं कापड होतं आणि मलमलीचे नाना प्रकारही होते. सोलापूरच्या मागावर पुढे जे चाललं, ते या मुलखाच्या अंगात तेव्हापासून आहे. फाल्कोच्या चाळीखालच्या धोब्याच्या कुंडात यातलं एखादं कापड बुचकळलं गेलं असेल, ही कल्पना मला फार आवडते.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. अशीच हस्तिदंती मूर्ती 1938 साली पाँपेईत सापडली. जेमतेम वीतभर उंच, अंगावर भरगच्च दागिने आणि दोन्ही बाजूंना छोट्या दासी. डोक्यापासून खाली एक भोक पाडलेलं आहे, म्हणजे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी. सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि ती राखेखाली गेली. फाल्को रोममध्ये जिने चढत-उतरत होता, त्या सुमारास ही बाई इटलीतल्या एका घरात उभी होती.

ती कुठे घडली? हा खराखुरा तपास आहे आणि तो चालूच आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला उत्खननात अशाच हस्तिदंती मूर्तीचा तुकडा मिळाला. तेर आणि भोकरदन पाहिलं की बोट दख्खनकडे वळतं. पण पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर कोरलेलं आहे, आणि खरोष्ठी चालायची वायव्येला, गांधाराकडे. एक पुरावा दक्षिणेकडे बघतो, दुसरा वायव्येकडे. अक्षर कारागिराचं की वाटेतल्या व्यापाऱ्याचं? कसबी रहस्यलेखक असाच पेच टाकतो. दोन्ही पुरावे खरे असतात, आणि त्यांतला एक दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर असतो.

तेरला गेलात तर मूर्तीपाशी थोडं जास्त थांबा. नाव आणि शतक वाचून पुढे सरकू नका. भोक कुठे आहे, कुठे जास्त झिजलंय, मागची बाजू कोरलेली आहे की नाही, ते पाहा. फाल्को माणसांकडे असंच बघतो. चपलेचा तळवा झिजला आहे का, अंगठी बोटात घट्ट बसते की सैल, नोकर मालकाच्या किती मागे उभा राहतो, हे तो टिपतो आणि मग टोमणा मारतो. त्याचा टोमणा बारीक नजरेतूनच येतो. वाचताना एखादा विनोद आवडला की क्षणभर थांबून विचारा, हे म्हणण्यासाठी त्याने आधी काय पाहिलं? तेवढं केलंत तर गुन्हेगाराचं नाव तुम्हाला बहुतेक वेळा चार पानं आधी कळेल.

या प्रकारातले सगळे विनोद सारखे नाहीत, हेही सांगायला हवं. काही लेखक रोमन माणसाच्या तोंडी आजच्या जाहिरातीची भाषा घालतात आणि तिथे कथा फसते. आपण हसतो, पण रोम नाहीसं होतं. डेव्हिस यांचीही जागा कधीकधी चुकते, विशेषतः फाल्कोच्या बहिणी आणि मेहुणे एकदम घरात जमतात तेव्हा. पण बहुतेक वेळा विनोद त्या काळच्या वस्तूवर उभा असतो: भाड्यावर, आमटीवर, जिन्यावर, करावर. ती वस्तू काढून घेतली तर विनोदही पडतो. चांगल्या विनोदाची मी हीच कसोटी लावतो.

फाल्कोचं एखादं पुस्तक वाचून झालं की स्टीव्हन सेलर या अमेरिकन लेखकाची ‘रोमन ब्लड’ वाचा. ती 1991 सालची आहे. इसवी सनापूर्वी 80 मध्ये बापाच्या खुनाचा आरोप असलेल्या सेक्स्टस रॉशियसचा बचाव तरुण सिसेरोने केला. ते भाषण आजही उपलब्ध आहे आणि कादंबरी त्याच खटल्यावर बेतलेली आहे. तिथला हेर गॉर्डिएनस शांत, मितभाषी आहे. तेच शहर, तसेच रस्ते, पण सांगणाऱ्याचा आवाज बदलला की अंधाराचा रंग कसा बदलतो, हे दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली तरच ऐकू येतं. आधी फाल्को, मग गॉर्डिएनस, या क्रमाने वाचा.