नव्या मुलखातील शिकारी

बदलीच्या नोकरीत ज्याचे आयुष्य गेले, त्याला नवा मुलूख म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. पाणी बदलते, धान्य बदलते, बोलीतील हेल बदलतो, आणि आजवर आपण जे शहाणपण म्हणून मिरवीत आलो त्यातील किती भाग केवळ आपल्या गावापुरता होता, याचा हळूहळू उलगडा होऊ लागतो. गृहिणीला हे पहिल्या आठवड्यात कळते. कारण जुन्या अंदाजाने घातलेले पाणी नव्या तांदळाला मानवत नाही. शिकाऱ्याला ते कळावयास वेळ लागतो. कित्येकदा ते कळेपर्यंत त्याची किंमत दुसऱ्याच जिवाने दिलेली असते. मी अशाच एका जिवाची हकीकत आज सांगणार आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला, आणि १९९१ सालच्या दुरुस्तीने परवाना घेऊन करावयाच्या हौशी शिकारीचा उरलासुरला अध्यायही संपला. तो संपला हे योग्यच झाले. तेव्हा बंदूक कशी चालवावी हे सांगण्याचा माझा हेतू नाही. नव्या मुलखात पाऊल टाकणाऱ्याने काय विसरावे आणि काय शिकावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. आता पंच्याऐंशी वर्षे उलटली आहेत. ही आठवण आणखी फार काळ माझ्याजवळ ठेवून उपयोग नाही.

माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी गेले. आमच्याकडे शिकार म्हणजे रानडुकराची, आणि तीही हाक्याची. भाताला दाणा भरू लागला की डुकरे एका रात्रीत शेत उद्ध्वस्त करीत. मग गाव गोळा होई. चार बंदूकवाले डुकरांच्या नेहमीच्या वाटा धरून बसत आणि बाकीची मंडळी कुत्री घेऊन, डबे बडवीत, करवंदीच्या जाळ्यांतून रान काढीत येत. जनावर येई ते अगदी अंगावर, वीस पावलांच्या आत. दुनळी बंदुकीत मोठ्या छऱ्याचे एल.जी. काडतूस भरलेले असे. एवढ्या जवळून तो छर्रा एकगठ्ठा बसे व डुक्कर जागच्या जागी लोळे. वाऱ्याचा विचारही फारसा करावा लागत नसे. दिवसा समुद्रावरून खारे वारे आणि रात्री जमिनीवरून मतलई वारे, हा क्रम आम्हांला जन्मापासून ठाऊक होता. एकविसाव्या वर्षापर्यंत मी अकरा डुकरे मारली होती आणि मला शिकार येते, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

१९६२ च्या पावसाळ्यानंतर रस्त्यांच्या मोजणीच्या कामावर माझी नेमणूक त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात, आलापल्लीच्या बाजूला झाली. तो भाग आज गडचिरोली जिल्ह्यात मोडतो. १९८२ साली तो जिल्हा वेगळा झाला. कोकणातल्या माणसाला त्या अरण्याची कल्पना येणे कठीण. आमचे रान उभे. डोंगराच्या अंगाला बिलगलेले, दाट आणि ओलसर. हे रान आडवे होते. सरळ वाढलेले सागवान, मधूनमधून ऐन, धावडा, बिजा, मोह आणि टेंभुर्णी, खाली बांबूची बेटे, आणि पावसाळा सरला की नुसती वाळू उरणारे रुंद नाले. कोठेही उभे राहिले तरी झाडांच्या खोडांमधून दूरवर दिसे. ‘इथे शिकार किती सोपी!’ हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. नव्या मुलखातील माझी पहिली चूक तीच.

बंदुकीच्या परवान्याची नव्या जिल्ह्यात नोंद केली, जंगलखात्याकडे शिकारीच्या परवान्यासाठी अर्ज केला, आणि ज्या गावी आमचा तळ होता तेथील एका वयस्क गोंड गृहस्थांना वाटाड्या म्हणून बरोबर यावयाची विनंती केली. त्यांनी माझी दुनळी हातात घेतली, वजन पाहिले आणि परत दिली. ‘ही राहू द्या घरी,’ ते म्हणाले. ‘आधी तुमी चालून पाहा.’

मला राग आला. तथापि दुसरा वाटाड्या नव्हता, म्हणून मी गेलो. त्यानंतर चार महिने, कामातून सवड मिळेल त्या पहाटे, मी त्यांच्यामागून रिकाम्या हातांनी हिंडलो. त्या चार महिन्यांत मी जे शिकलो त्यातले थोडे सांगतो.

पहिली गोष्ट वाऱ्याची. ते धोतराच्या सोग्यात राखेची एक पुरचुंडी बाळगीत आणि दर थोड्या अंतरावर चिमूटभर राख हवेत सोडीत. कोकणातल्यासारखा येथील वारा वेळ पाळीत नव्हता. पहाटे थंड हवा नाल्याच्या उतारावरून खाली वाहे. ऊन तापले की तीच हवा उलट फिरून चढणीला लागे. ज्या वाटेने सहा वाजता जनावराच्या जवळ जाता येई, त्याच वाटेने नऊ वाजता गेले तर आपला वास आपल्या आधी तेथे पोहोचे.

दुसरी गोष्ट पायाखालच्या पाचोळ्याची. सागाचे वाळलेले पान पायाखाली पापडासारखे मोडते आणि त्याचा आवाज दूरपर्यंत जातो. हिवाळ्यात पहाटेचे दव पडलेले असेतोवर तेच पान मऊ असते. दव उडाले की नाल्याच्या वाळूखेरीज दुसरी वाट नाही.

तिसरी गोष्ट वानरांची. वानरे झाडावर चरतात तेव्हा अर्धेअधिक खाली सांडतात, आणि ते वेचावयास चितळे झाडाखाली येतात. वरचे डोळे आणि खालचे नाक, असा तो सहकार आहे. झाडावरून वानर खोकल्यासारखे ओरडले की खालचे चितळ मान वर करते. आणि एका वानराने तुम्हांला पाहिले की त्या दिवसापुरते साऱ्या रानाने तुम्हांला पाहिले असे समजावे.

चौथी गोष्ट मोहाची. मार्चअखेर मोहाची फुले गळू लागतात. चितळे, अस्वले त्यांवर येतात. पण माणसेही येतात. बायका आणि मुले काळोख असतानाच टोपल्या घेऊन निघतात व झाडाखाली वाकून फुले वेचतात. म्हणून त्या दिवसांत मोहाच्या दिशेने पहाटे बंदूक रोखावयाची नाही, मग समोर काहीही हलत असो. हा नियम कोणत्याही परवान्यावर छापलेला नव्हता. जो त्या गावात राहिला नाही त्याला तो सुचलाही नसता.

इतके शिकूनही मुख्य गोष्ट मी शिकलो नव्हतो. जे अपरिचित होते ते मी विचारून घेतले. पण जे मला येते असे वाटत होते, त्याबद्दल मी कधी विचारलेच नाही. माझ्या बंदुकीचा टप्पा मला ठाऊक आहे, असे मी धरून चाललो होतो.

१९६३ च्या मार्च महिन्याचा शेवट. माझ्या परवान्यावर एक चितळ नर होता. दिवस मावळतीला नाल्याच्या काठाने जाताना समोरच्या तीरावर, उघड्यावर, एक पूर्ण वाढीचा नर उभा दिसला. वारा आमच्याकडे येत होता. पाठीमागे मातीचा उंच काठ होता, कोणी माणूस असण्याची शक्यता नव्हती. सर्व काही नीट जुळले होते. वाटाड्यांनी माझ्या दंडावर हात ठेवून डोके हलविले. मी त्याचा अर्थ ‘थोडे थांबा’ असा घेतला. वस्तुतः ते ‘नको’ म्हणत होते. कोकणच्या दाट रानात जे दिसते ते जवळच असते. दिसणे म्हणजेच टप्प्यात असणे. माझ्या डोळ्यांना तीच सवय होती. मी बार काढला. मागाहून मी ते अंतर पावलांनी मोजले. ती सत्तर पावले भरली. एल.जी.च्या छऱ्याचा तेथवर नुसता फुलोरा होतो. मारण्याचे बळ त्यात राहत नाही, जखम करण्याचे तेवढे राहते.

चितळ पाठीची कमान करून उडाले आणि बांबूत शिरले. मी धावणार तोच वाटाड्यांनी मला खाली बसविले. ‘आता बसा, साहेब. कोणी मागं येऊन राहिलं असं त्याले वाटलं, तं तो दूर जाईन. नाही वाटलं, तं जवळच बसन.’ त्यांनी टेंभुर्णीच्या पानाची विडी पेटविली आणि ती संपल्यावर दुसरी पेटविली. अर्ध्या तासाने आम्ही पलीकडे गेलो. रक्त थोडे होते आणि काळपट होते. त्यात चघळलेल्या गवताचा हिरवा अंश होता. फुप्फुसाला लागले असते तर ते फेसाळ आणि गुलाबी असते, व जनावर लवकर सुटले असते. हे पोटाचे रक्त होते. अशा जखमेने मरण येते, पण रेंगाळत येते.

अंधार पडेपर्यंत आम्ही माग काढला. प्रत्येक थेंबाजवळ ते एक पान उलटे करून ठेवीत, म्हणजे माग हरवलाच तर शेवटच्या खुणेपाशी परत येता यावे. मग दिसेनासे झाले. मी म्हणालो, आता जाऊ दे. रात्री बिबळ्या किंवा रानकुत्री त्याचा निकाल लावतील. ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. नंतर म्हणाले, ‘गोळी तुमची, तं तो बी तुमचाच.’

ती रात्र आम्ही नाल्यातच शेकोटीशी काढली. ते बसल्या बसल्या झोपले. मला झोप आली नाही. त्याच अंधारात, कोठे तरी जवळपास, माझ्या चुकीने एक जीव जागा आहे, ही जाणीव मला त्यापूर्वी कधी झाली नव्हती. घरच्या त्या अकरा डुकरांनी मला अभिमान दिला होता. या एका चितळाने मला शिकार म्हणजे काय हे सांगितले.

सकाळी पुन्हा पानापानावरून निघालो. पोटाच्या जखमेला तहान फार, म्हणून वाटाड्यांनी खाली रक्त दिसेनासे झाल्यावर थेंब शोधणे सोडून पाण्याची दिशा धरली. दहाच्या सुमारास एका आटत चाललेल्या डोहाच्या कडेला ते चितळ बसलेले आढळले. मान अजून उभी होती. आम्हांला पाहून उठण्याचा त्याने प्रयत्न केला. या वेळी मी बारा पावलांवर गेलो, आणि हात कापत असतानाही ते काम मीच केले; ते दुसऱ्यावर सोपविण्यासारखे नव्हते.

मांस गावात वाटले गेले. वाटाड्यांनी मला दोष दिला नाही. मी विचारले तेव्हा इतकेच म्हणाले की, नव्या माणसाला रान लवकर दिसते, अंतर उशिरा दिसते. त्यानंतर महिनाभर, रस्त्याच्या मोजणीची साखळी टाकण्यापूर्वी, प्रत्येक झाड किती पावलांवर आहे याचा मी आधी मनाशी अंदाज करी आणि मग मोजून पाही. पहिल्या दिवसांत माझे सारे अंदाज निम्म्याने चुकत. ज्याचा धंदाच अंतर मोजण्याचा, त्याची ही गत!

पुढे सातपुड्यातील जुन्या शिकाऱ्यांची पुस्तके वाचावयास मिळाली. कॅप्टन जेम्स फोर्सिथ हे १८६२ साली पचमढीच्या पठारावर आले, आणि त्यांचा मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरील ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला. त्यात गोंड आणि कोरकू लोकांची विस्तृत वर्णने आहेत. परक्या मुलखातील शिकारी कितीही नामांकित असो, त्याचे डोळे आणि कान बहुधा उसने असतात, हे माझ्या अनुभवावरून मला त्या पानांत जागोजाग दिसले. आपण बंदूक विकत घेऊ शकतो. ते डोळे घेता येत नाहीत. ते कोणी तरी आपल्याला काही काळ वापरावयास देतो, आणि त्याबद्दल आपण कृतज्ञ असावे लागते.

१९७२ नंतर माझी बंदूक मी परत केली. मला त्याचे दुःख झाले नाही. माझी ती हौस होती. मात्र त्या वाटाड्यांचे ते केवळ हौसेचे ज्ञान नव्हते, त्यांचे ते जगणे होते. २००६ सालच्या वनहक्कांच्या कायद्याने रानातल्या माणसांचे अनेक परंपरागत हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला. कायद्याला तसे करणे भाग होते, हे मला पटते. परंतु शिकारीबरोबर राखेची पुरचुंडीही नाहीशी व्हावी, हे मला पटत नाही. त्याच जुन्या चांदा जिल्ह्यात १९५५ पासून ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान आहे. आज तेथे आसपासच्या गावचे तरुण वाटाडे म्हणून प्रवाशांबरोबर जातात. वानराच्या खोकण्यावरून आणि चितळाच्या शिट्टीवरून वाघ कोणत्या अंगाला आहे ते सांगतात. बंदूक गेली, विद्या राहिली. तीच राहण्यासारखी होती.

श्रोतेहो, आपणांपैकी कित्येकजण आज आपल्या जन्मगावापासून दूर, इंदूरला, बडोद्याला, दिल्लीला, हैदराबादला ही वाणी ऐकत असाल. आपणांस शिकार करावयाची नाही. पण नव्या मुलखात आपण प्रत्येकजण काही तरी घेऊन जातो, आणि ते येथेही चालेल असे धरून चालतो. जे ठाऊक नाही ते माणूस विचारतो. त्याने फारसे नुकसान होत नाही. जे ठाऊक आहे असे वाटते, ते मात्र नव्या जागी एकदा पावलांनी मोजून पाहावे. आणि कोणी वडीलधाऱ्या माणसाने दंडावर हात ठेवून डोके हलविले, तर त्याचा अर्थ काय, हे चाप ओढण्यापूर्वी विचारावे.