जुन्या सागवानाचें दार

पाडलेल्या वाड्याचें सागवानी दार आणि शेजारची खिडकी आणून आपल्याच हातांनीं बसविण्याचा बेत उत्तम आहे. इतके पावसाळे पाहिलेलें लांकूड सहसा वांकत नाहीं. रंधा मात्र लगेच धरूं नये. आधीं लोहचुंबक फिरवून दडलेले खिळे शोधून उपटावे, नाहींतर पातें गेलेंच समजा.

त्याहून जपावें तें जुन्या रंगाला. घरगुती रंगांतील शिशावर दहा लक्ष भागांत ९० भागांची सक्तीची मर्यादा आपल्या देशांत १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली; त्यापूर्वींच्या थरांत शिसें आहे असेंच धरून चालावें. तें बालकांच्या मेंदूस बाधतें. म्हणून रंग कोरडा घासूं नये, जाळूंही नये; ओला करून खरवडावा, कपच्या गोळा कराव्या, जमीन ओल्या फडक्यानें पुसावी. मुलांना तोंवर आजोळीं पाठवावें. त्यांची हरकत नसतेच!

जुन्या चौकटीवर भिंतीचा भार असल्यास ती काढण्यापूर्वीं टेकू हवा. तेथें गवंड्याची मजुरी वांचवूं नये. नवी बसवितांना दोन्ही कर्ण दोरीनें मोजावे. ते सारखे भरले कीं चौकट काटकोनांत आली. खिडकीचे गज दाट ठेवावे. त्यांतून हात घालून दाराची कडी काढतां येतां कामा नये.