लाल केसांचा परका आणि त्याची बायको
(मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा निरोप होता की प्रत्येकानं दहा मिनिटं बोलायचं. विषय आपल्या आवडीचा. फक्त रक्तदाब, साखर आणि मुलांची पॅकेजं एवढं सोडून. म्हणजे आपल्या वयाच्या माणसांचं निम्मं बोलणं आधीच कापलं! मग मी सिनेमा निवडला. नोकरीनिमित्त मी नऊ वर्षं अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात होतो. तिथे एका गवयानं केलेला एक सिनेमा पाहिला. सिनेमा फार थोर आहे असं मी म्हणणार नाही. पण डोक्यातून जात नाही.

नाव 'रेड हेडेड स्ट्रेंजर', म्हणजे लाल केसांचा परका माणूस. साल १९८६, आपण दहावीला बसलो तेच. नायक विली नेल्सन. दोन लांब वेण्या, कपाळाला बांधलेला रुमाल आणि हातात भोक पडलेली जुनी गिटार असा एक म्हातारा तुम्ही फोटोत कधीतरी पाहिला असेल, तोच हा. तिकडे ज्याला कंट्री संगीत म्हणतात, म्हणजे दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांतून, रेडिओतून आणि दारूच्या गुत्त्यांतून वाढलेलं गाणं, त्यातलं हे फार मोठं नाव. जन्म १९३३चा, टेक्सासमधल्या ॲबट नावाच्या लहानशा गावचा.

गवयाला घोड्यावर बसवायचं, हा उद्योग तिकडे जुना आहे. १९३५ साली 'टंबलिंग टम्बलवीड्स' नावाचा सिनेमा आला. त्यात जीन ऑट्री नावाचा एक गाणारा होता. हा आधी रेल्वेत तारबाबू होता. हिशेब सरळ होता. वेस्टर्न सिनेमाला सेट फारसा लागत नाही. डोंगर, ऊन आणि धूळ फुकट मिळते. दहापंधरा दिवसांत चित्रण उरकायचं. प्रेक्षक आणायचं काम गाणारा करायचा, कारण त्याचा आवाज रेडिओवरून घराघरात आधीच पोचलेला असे. त्याच वर्षी ऑट्रीची एक बारा भागांची मालिकाही आली. तिच्यात जमिनीखाली यंत्रमानव राबवणारं एक राज्य आहे, तिथे हा अडकतो, मारामाऱ्या करतो, आणि रेडिओवरचा गाण्याचा कार्यक्रम चुकू नये म्हणून रोज धापा टाकत वर येतो! हसू नका. त्याच १९३५ साली आपल्याकडे 'प्रभात'नं बालगंधर्वांना घेऊन 'धर्मात्मा' काढला होता, तोही त्यांना एकनाथ महाराज करून. गळ्यावर लोकांचं प्रेम असलं की त्या गळ्याच्या धन्याला काहीही करून दाखवता येतं, हे दोन्हीकडच्या धंदेवाल्यांना तेव्हाच कळलं होतं.

विली नेल्सनची गोष्ट मात्र जरा निराळी आहे. त्याचा सिनेमा एका गाण्यातून निघाला. 'रेड हेडेड स्ट्रेंजर' हे गाणं त्यानं लिहिलेलं नाही. ते १९५०च्या दशकातलं, दुसऱ्यांचं. तरुणपणी तो फोर्ट वर्थला रेडिओवर निवेदक होता तेव्हा ते वाजवायचा, आणि घरी पोरांना झोपवताना म्हणायचा. आता गाण्यातली गोष्ट ऐका. लाल केसांचा एक माणूस काळ्या घोड्यावरून गावात येतो. सोबत एक तांबूस तट्टू, त्याच्या मेलेल्या बायकोचं. एक बाई त्या तट्टाला हात लावते आणि तो तिला गोळी घालतो. त्याला फाशी होत नाही, कारण ती घोडं चोरत होती असं ठरतं. ही अंगाई!

पुढे १९७०च्या दशकात एकदा कोलोरॅडोहून टेक्सासला गाडीनं परतताना त्याच्या तेव्हाच्या पत्नीनंच सुचवलं की या गाण्याचं काहीतरी मोठं कर. मग त्यानं गाण्याच्या आधीची गोष्ट रचली: हा माणूस मूळचा धर्मोपदेशक, बायको जुन्या प्रियकराबरोबर निघून गेली, यानं दोघांना शोधून मारलं. काही गाणी स्वतःची, काही जुनी, अशी सगळी एका दोऱ्यात ओवली. जानेवारी १९७५मध्ये डॅलसजवळच्या गार्लंड गावातल्या एका स्टुडिओत थोडक्या दिवसांत ध्वनिमुद्रण झालं. खर्च चारेक हजार डॉलर झाल्याचं सांगतात. गिटार, बहिणीचा पियानो, माउथ ऑर्गन आणि मागे जेमतेम ताल. कोलंबिया कंपनीतल्या लोकांना ती कच्ची फीत वाटली. पण काय छापायचं ते कलाकार ठरवणार, असा त्याचा करार होता. तबकडी तशीच निघाली आणि अफाट चालली. तीसपस्तीस मिनिटांचं काम आहे. मी ते गाडीत किती वेळा ऐकलं असेल याला गणती नाही.

यावर सिनेमा व्हायला हवा हे कोणालाही सुचलं असतं. पटकथा लिहिली बिल विटलिफनं. हा टेक्सासचाच, पुस्तकं छापणारा, फोटो काढणारा आणि सिनेमे लिहिणारा. पुढे 'लोनसम डव्ह' ही गाजलेली टीव्ही मालिका त्यानंच लिहिली. एका मोठ्या स्टुडिओनं गोष्ट घेतली, खर्चाचा आकडा कोटी डॉलरच्या पुढे गेला, आणि स्टुडिओला नायक हवा रॉबर्ट रेडफर्ड. म्हणजे गाणं याचं, गोष्ट याची, केससुद्धा याचे लाल, आणि घोड्यावर दुसराच! रेडफर्डचं होय-नाही होईपर्यंत वर्षं गेली आणि ते बारगळलं.

शेवटी या दोघांनी गोष्ट परत मिळवली आणि ओळखीच्या माणसांकडून पैसे जमवून वीस लाख डॉलरच्या आत सिनेमा उरकला. विटलिफ स्वतःच दिग्दर्शक झाला. ऑस्टिनच्या पश्चिमेला, स्पाइसवूडजवळ विलीची जमीन होती. तिथेच लाकडी गाव उभं केलं आणि पडद्यावर ते माँटाना म्हणून दाखवलं. कॅथरिन रॉस, मॉर्गन फेअरचाइल्ड असे काही कसलेले नट घेतले. बाकी जागी विलीचे वाद्यवृंदातले सोबती उभे राहिले. ढोलक्या पॉल इंग्लिश आणि बेस गिटारवाला बी स्पीअर्स दोघंही पडद्यावर दिसतात. आपल्या गॅदरिंगला तबलजी ऐनवेळी शिपाई व्हायचा, तसंच हे.

ते गाव अजून आहे. त्याचं नाव 'लक', म्हणजे नशीब. विली म्हणतो, इथे असलात तर तुम्ही नशिबात, बाहेर गेलात की नशिबाबाहेर. इंग्रजीत त्यावर चांगली कोटी होते, मराठीत तितकी रंगत नाही. देऊळ आहे, गुत्ता आहे, लाकडी फळ्यांचे ओटे आहेत. खोटं म्हणून बांधलेलं गाव पुढे खऱ्या मैफलींचं ठिकाण झालं; वर्षातून एकदा तिथे गाण्याची जत्रा भरते. आमच्या घरापासून गाडीनं तासाभराचाही रस्ता नव्हता.

आता सिनेमाबद्दल. पैसे कमी होते हे दिसतं. मारामारीत माणसं मोजकी आहेत, काही प्रसंग घाईत उरकलेले वाटतात, आणि विली नट म्हणून फार काही करत नाही, नुसता बघतो. त्याचं बघणं मला चालतं. गावचं पाणी अडवून बसलेलं एक दांडगं कुटुंब आहे, त्यांच्यापुढे हतबल झालेला म्हातारा शेरीफ आहे. पाण्याचं राजकारण आपल्याला समजावून सांगायला नको! तो भाग तर आपल्या तालुक्यात घडल्यासारखा वाटतो.

घरी डीव्हीडी लावली होती. सौ. डाळ निवडत होती, मुलगी तेव्हा कॉलेजात, ती मोबाइलमध्ये. उपदेशक बायकोला गोळी घालतो तो प्रसंग आला. पुढे सिनेमा त्याच्याच मागे जातो. तो भटकतो, दुःखी होतो, एका विधवेच्या शेतावर राबून थोडा माणसात येतो, आणि शेवटी गावासाठी बंदूक उचलतो. सौ.नं डाळीतून मान वर न करता विचारलं, "आणि ती मेली तिचं काय?"

मी म्हटलं, अगं, ही त्याची गोष्ट आहे.

"ते दिसतंच आहे," ती म्हणाली.

गाणं मी शंभर वेळा ऐकलं होतं, तेव्हा हा प्रश्न पडला नव्हता. पडतही नाही, आणि का पडत नाही याचा मी नंतर बराच विचार केला. गाण्यात ती बायको दिसत नाही. तिला चेहरा नाही, आवाज नाही. ऐकू येतो तो फक्त याचा गळा, आणि तो गळा इतका मऊ आणि दुखरा आहे की आपण त्याच्याच बाजूला जाऊन बसतो. सिनेमात तसं करता येत नाही. तिथे मॉर्गन फेअरचाइल्ड उभी आहे. तिला या लग्नात, या उजाड गावात जीव रमवता येत नाही हे तिच्या तोंडावर दिसतं. मग गोळी लागते आणि तिच्यासाठी सिनेमाकडे पुढे काही नसतं. मोठ्या खर्चाच्या सिनेमात कदाचित ते झाकलं गेलं असतं. चार धावत्या आगगाड्या, हजार घोडे, आपण विसरलो असतो. इथे झाकायला काही नाही. गाण्यातलं भोक पडद्यावर उघडं पडतं.

समीक्षक नटांच्या आणि खर्चाच्या उणिवा काढतात. मला वाटतं, सिनेमा लंगडा पडतो तो इथे. त्याला क्षमा मिळावी असं सिनेमाला वाटतं, पण क्षमा जिनं करायची ती पहिल्या अर्ध्या भागातच संपलेली असते. गावकरी माफ करतात, कारण त्यांना पाणी मिळतं.

बाई इथे बसल्या आहेत म्हणून सांगतो. तुम्ही नववीत धडा संपला की विचारायच्या, "या धड्यात बोलायला कोणाला मिळालं नाही?" आम्ही तोंडाकडे बघत राहायचो. परीक्षेत तो प्रश्न कधी आला नाही, त्यामुळे कोणी लिहूनही घेतला नाही.

आणि मग मला आपल्या शाळेमागची गल्ली आठवली. आठवीत होतो आपण. त्या गल्लीतल्या एकानं बायकोला मारलं होतं, आणि मारलं म्हणजे जिवानिशी. तो सप्ताहात भजन म्हणायचा. आवाज विलक्षण होता, तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. मधल्या सुट्टीत आपण भिंतीवर चढून पोलिसांची जीप बघितली. पुढचे कित्येक दिवस घरोघरी जे बोलणं चालायचं ते सगळं त्याच्याबद्दल. असा सोन्यासारखा माणूस, असा गळा, काय बुद्धी झाली! तिनंच काहीतरी केलं असणार, असंही कोणी कोणी बोलायचं. पुढच्या सप्ताहाला त्याची उणीव भासते म्हणून माणसं हळहळली. मी लहान होतो, पण ते बोलणं मला स्पष्ट आठवतं. त्यात तिचं नाव नव्हतं. कोणीच घेत नव्हतं. तो अमका, आणि ती 'त्याची बायको'.

टेक्सासच्या गवयाची आणि आपल्या गल्लीतल्या भजनी माणसाची तुलना करू नये, हे मला कळतं. एक रचलेली गोष्ट, दुसरी घडलेली. विलीच्या गाण्यावरचं माझं प्रेम काही कमी झालेलं नाही, आजही येताना गाडीत तेच चालू होतं. फक्त आता ते ऐकताना मधे एका ठिकाणी मी थांबतो.

तुमच्यापैकी तिघी-चौघी त्याच गल्लीत राहायच्या. तुमच्या आया तिच्याबरोबर नळावर असायच्या, तिच्याशी बोलत असतील. तिचं नाव कोणाला माहीत असेल तर आत्ता इथे नको, चहाच्या वेळी मला सांगा. ती कशी होती, काय बोलायची, हसायची का, तेही आठवत असेल तर सांगा. मला ऐकायचं आहे.

घंटेकडे सरांचा हात गेलेला दिसतोय. बसतो.