तरवडीचे संपादक

वर्तमानपत्र म्हटले की पुणे-मुंबई, असे आपण धरून चालतो. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' साप्ताहिक काढले ते खेड्यात, आणि पुढे नेवासे तालुक्यातील तरवडीहून ते चालविले. हौस रक्तातलीच म्हणा. त्यांचे जनक पिता कृष्णराव भालेकर ह्यांनी १८७७ सालीच पुण्यात 'दीनबंधु' काढला होता.

पण खेड्यातल्या संपादकाची गोष्ट निराळी. ज्याच्यावर लिहायचे तो सकाळी चावडीवर समोर उभा! कुलकर्ण्याने दप्तरात काय लिहिले हे कुणब्याला वाचता येईना, आणि खाली अंगठा मात्र त्याचाच. मुकुंदरावांनी १९१३ साली 'कुलकर्णी लीलामृत' लिहून तो कारभार चव्हाट्यावर मांडला. आम्हां शाळामास्तरांना साहेबाच्या एका शेऱ्याने घाम फुटतो; हे गृहस्थ १९६७ साली वारले, तोवर पत्र चालवीत होते.