खाडी हिंडावयाची तर होडी कोणती?



होडी निवडावयाची म्हटले की माणसे प्रथम होडीकडे पाहतात. तिची लांबीरुंदी, तिच्यावरील छप्पर, बैठकीची गादी, यंत्र असल्यास त्याची ताकद आणि सरतेशेवटी मालक सांगेल ती रक्कम, एवढ्या बाबींची चौकशी झाली की निवडीचे काम आटोपले, असे त्यांस वाटते. ज्या पाण्यावर ती चालावयाची त्या पाण्याची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो. शांत पाणी तेवढे सगळे सारखेच, अशी एक समजूत आपल्यात रूढ आहे. वस्तुतः लाटा नसणे हा शांत पाण्याचा केवळ एक गुण झाला. त्याची खोली, त्याच्या तळाची जात, दोन्ही काठांमधले अंतर आणि अहोरात्रात होणारी त्याची चढउतार ही स्थलपरत्वे इतकी भिन्न असतात की, एका पाण्यावर उत्तम ठरलेली होडी दुसऱ्या पाण्यावर नेताच निव्वळ अडचण होऊन बसते.

इंग्लंडातील कालव्यांचे पाहा. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या स्थापत्यविशारदाने तिकडे जे कालवे आखले, त्यांत नावांना उंच पातळीवर चढविण्यासाठी दोन्ही बाजूंस दारे असलेली जी कुंडे बांधण्यात आली, त्यांतील पुष्कळांची रुंदी सात फुटांच्या आसपास ठेवली गेली. आणि त्या एका निर्णयामुळे पुढे कोळशाची वाहतूक करणाऱ्या तिथल्या नावा 70 फूट लांब, पण रुंदीला सात फुटांहूनही किंचित कमी अशा झाल्या. कोळसा गेला, आता त्यांत हौशी लोक बिऱ्हाड थाटून हिंडतात, तरी नावेची रुंदी काही वाढली नाही. नाव पाण्याच्या मुखत्यारीत असते, तिच्या मालकाच्या नव्हे, याचे इतके ठसठशीत उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही.

केरळातील ‘केट्टुवल्लम’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. फळ्यांना खिळा न मारता त्या काथ्याच्या दोरीने एकमेकींस शिवून बांधलेली ही प्रशस्त नौका पूर्वी कुट्टनाडचे भात वाहून नेई. मालमोटारींनी तो व्यापार हिरावून घेतल्यावर तिच्यावर शयनगृहे आणि सज्जे चढले, आणि ती प्रवाशांचे तरंगते घर झाली. तिथे ते शोभते, कारण कोचीच्या बाजूस भरती-ओहोटीतील अंतर जेमतेम मीटरभराचे असते. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मात्र उधाणाच्या दिवसांत पाणी अडीच-तीन मीटर चढते आणि तितकेच उतरते. असे घर आमच्या खाडीत आणून बांधले, तर ओहोटीला ते गाळात एका कुशीवर कलंडेल आणि आत निजलेला पाहुणा पलंगासकट भिंतीशी जाऊन बसेल.

तेव्हा आज मी बोलणार आहे ते कोकणातील खाड्यांपुरतेच, आणि त्यांतही उदाहरणादाखल एकच खाडी घेणार आहे: वाशिष्ठीची. सह्याद्रीत उगम पावून चिपळुणावरून येणारी ही नदी गोवळकोटाखाली खाडीचे रूप घेते आणि सुमारे 40 किलोमीटरची वळणे घेत दाभोळपाशी समुद्रास मिळते. मुखाच्या दक्षिणेस अंजनवेलचा गोपाळगड आहे. एके काळी भरतीच्या पाण्यावर पडाव आणि मचवे गोवळकोटच्या बंदरापर्यंत माल आणीत, आणि तेथून तो कुंभार्ली घाटाने देशावर चढे. कोयनेचे वीजगृह झाल्यापासून पोफळीस सुटणारे पाणी याच नदीत येते, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही वरच्या अंगाला तिचा ओघ तुटत नाही. रुंद पात्र, दोहो बाजूंस टेकड्या, मध्येच नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि त्यांच्या अलीकडे तिवराच्या दाटीत शिरणारे अरुंद फाटे. खाडीचे वैभव त्या फाट्यांत आहे. मुख्य पात्रातून पाहणारा काठ पाहतो. खाडी पाहावयाची असेल, तर फाट्यात शिरले पाहिजे.

ही अट एकदा मान्य केली की निवडीचा निम्मा प्रश्न निकालात निघतो, कारण यांत्रिक लाँच तत्काळ बाद होते. तिचा पंखा पाण्यात खोल फिरतो. फाट्यात शिरताच तो गाळ ढवळतो आणि कुठे मागे राहिलेल्या जाळ्याची नायलॉनची दोरी गुंडाळून बसतो. शिवाय तिचा आवाज तिच्या कितीतरी पुढे जातो. वाशिष्ठीत मगरी आहेत, ओहोटीला उघड्या पडलेल्या गाळावर त्या उन्हे खात पडतात. परंतु लाँचमधून जाणाऱ्यास बहुधा मगर दिसत नाही, ती जिथून पाण्यात घसरली तो ओला पट्टा तेवढा दिसतो. पलीकडच्या तीरास कामानिमित्त जावयाचे असल्यास यंत्रासारखे साधन नाही. दाभोळ-धोपावे फेरीबोट माणसांबरोबर मोटारीही उतरविते आणि मोठा वळसा वाचविते. पण हिंडणे हे काम नव्हे.

मालवणच्या बाजूस उलांडीची होडी दृष्टीस पडते. होडीपासून हातभर दूर, दोन आडव्या दांड्यांच्या आधाराने, एका बाजूस लाकडाचा ओंडका पाण्यावर तरंगत ठेवलेला असतो, त्यास उलांडी म्हणतात. ती असल्यामुळे अरुंद होडीही सहसा उलटत नाही. उघड्या पाण्यावर ही योजना इतकी बिनचूक आहे की तिच्यापुढे पुस्तकी शास्त्राने नम्र व्हावे. तथापि तिवरांच्या फाट्यात तीच उलांडी श्वासमुळांत अडकते आणि होडी परतविण्यास जागा उरत नाही. आंब्याच्या एकसंध खोडातून कोरलेली डोणी फाट्यात शिरेल खरी, पण तिच्यात बसणाऱ्याचे बूड मुरलेले असावे लागते. नवख्याने एका अंगास वाकून पाण्यात हात घालावा आणि सर्वांनी मिळून पाण्यात जावे, असा तिचा खाक्या. मगरींचे वास्तव्य लक्षात घेता हा प्रयोग वर्ज्य समजावा. अलीकडे मिळणाऱ्या प्लास्टिकच्या कयाकांविषयी माझा आकस नाही. त्या हलक्या असतात, वीतभर पाण्यावर चालतात आणि बसणाऱ्याचे तोंड पुढच्या दिशेस ठेवितात, हा वल्ह्याच्या होडीत नसणारा मोठाच लाभ होय. परंतु त्यांत माणूस एकटा पडतो, आणि अनोळखी खाडीत एकटे पडण्यासारखी गैरसोय नाही.

देशावरच्या श्रोत्यांना एव्हाना वाटू लागले असेल की हे सारे खाडीवाल्यांचे चोचले आहेत. कृष्णाकाठी महापूर आला की गुऱ्हाळातील गुळाची काहील पाण्यात लोटून माणसे तिच्यात बसतात, आणि तो गोल लोखंडी संसार व्यवस्थित पैलतीरास लागतो. भोपळ्यांची सांगडही आपल्या नद्यांनी पूर्वी पाहिली आहे. प्रसंग निभावून नेणारी ही साधने आदरणीय खरी, पण काहील कोणत्या दिशेस जाईल याचा निर्णय ती स्वतः करते.

उरते ती साधी, चपट्या बुडाची, चार-पाच माणसांची लाकडी होडी, जी काठावरचा मासेमार रोज वापरतो आणि जिच्या अंगाला डांबराचा नाही तर माशांच्या तेलाचा वास येतो. माझे मत निःसंशय तिच्या बाजूने आहे. ती वेगवान नाही, सुखासनाची नाही, आणि वारा आडवा आला तर सरळही चालत नाही. पण हातभर पाणी तिला पुरते, आणि फाट्यात शिरल्यावर वल्ही आत घेऊन ती कळकाच्या लांब काठीने रेटता येते. या काठीचे काम पाहण्याजोगे असते. होडीवाला ती मागच्या अंगास तळाला टेकवितो, अंगाचा भार देतो, आणि होडी पुढे सरकली की काठी ओढून घेण्यापूर्वी मनगटाने तिला एक हलका पीळ देतो. तो पीळ दिला नाही तर गाळ काठी सोडीत नाही, आणि काठी धरून ठेवणाऱ्या माणसाच्या पायांखालून होडी निघून जाते. त्याच काठीने त्याला तळाची वार्ता कळते. वाळू असेल तर टोक करकरते, गाळ असेल तर निमूट आत जाते, आणि कालवांचा खडक असेल तर खट् असा आवाज येतो. तो आवाज आला की होडीवाला बोलणे थांबवितो. कालवांची धार फळीला चरे पाडते. पायाला काय करील, हे सांगावयास नको.

म्हणजे होडीबरोबर तिचा माणूसही निवडावा लागतो. किंबहुना तोच आधी निवडावा. वाळूउपशाने तळात जे अवचित खड्डे पडले आहेत ते कोणत्याही नकाशात नाहीत, त्याच्या डोक्यात आहेत.

आता राहिला दिवस. समुद्रकाठी एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी, येईल तो आकडा पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. मुखापासून आत जावे तसा भरतीस विलंब लागतो, हे ध्यानात ठेवून गोवळकोटाकडून निघणाऱ्याने अष्टमी किंवा नवमी धरावी. हे भांगाचे दिवस. पाणी फार चढत नाही, तसे फार उतरतही नाही, आणि ओढ मवाळ असते. सकाळी सात-साडेसातला भरलेले पाणी उतरू लागले की त्याबरोबर खाली निघावे. त्या वेळी पाठीशी डोंगराकडून येणारा मतलई वारा असतो. दुपारी तो पडतो, समुद्रावरून खारा वारा सुटतो, त्याच सुमारास पाणीही फिरते, आणि वारा व भरती दोघेही होडीला परत वर आणतात. पौर्णिमेस वा अमावास्येस याच वेळी निघालात तर सकाळी भरती तोंडावर येईल, आणि दुपारी उतरणाऱ्या पाण्यावर समोरून वारा आला की शांत म्हणविणारी खाडीही उसळ्या मारू लागते. काल ते आज होडीत काहीच बदललेले नसते, फक्त तिथी बदललेली असते.

मध्यान्हीच्या फराळासाठी होडी वाळूच्या कडेला लावावी, गाळाच्या नव्हे. काठीने आधी पारखून घ्यावे आणि मग उतरावे. भाडे तासाच्या बोलीने ठरवू नये. ओहोटीबरोबर जाणे आणि भरतीबरोबर येणे, असा एकच करार करावा, म्हणजे एखाद्या फाट्यात खंड्या समोर बसलेला असताना होडीवाल्याला घड्याळ पाहण्याचे कारण उरत नाही, आणि आपल्यालाही.